पक्षाघाताच्या रुग्णाची घरी शुश्रूषा करणाऱ्यांवरील गुणात्मक संशोधन : परिचर्या सिद्धांत कसा वापरावा

एम.एस्सी. नर्सिंगच्या बहुतेक प्रबंधांत संकल्पनात्मक आराखड्याला एक स्वतंत्र जागा दिलेली असते. तेथे एखाद्या परिचर्या (नर्सिंग) सिद्धांताची चौकटी आणि बाण असलेली आकृती येते, तिच्याखाली दोन परिच्छेद येतात आणि त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत त्या सिद्धांताचे नावही पुन्हा निघत नाही. संख्यात्मक अभ्यासात ही उणीव काही काळ झाकली जाते, कारण तेथे मोजपट्टी आणि आकडे आपले काम करत राहतात. गुणात्मक अभ्यासात मात्र संशोधकाने काय विचारले, काय ऐकले आणि ऐकलेल्यातले काय महत्त्वाचे मानले यावरच सगळे उभे असल्यामुळे, सिद्धांत नावापुरता राहिला की निष्कर्षही वरवरचे होतात. पक्षाघाताच्या रुग्णाची घरी शुश्रूषा करणाऱ्या पत्नी, सुना, मुले आणि नवरे यांच्याशी बोलून ज्यांना पहिलाच अभ्यास करायचा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

पहिली पायरी : प्रश्न नेमका करणे

'पक्षाघाताच्या रुग्णांच्या काळजीवाहकांचे अनुभव' हा विषय आहे, प्रश्न नव्हे. प्रश्न कसा सापडतो हे पाहण्यासाठी या क्षेत्रातील तीन मोठ्या चाचण्या (गटांची तुलना करून उपायाचा परिणाम मोजणारे अभ्यास) एका ओळीत ठेवून वाचाव्यात. 2004 साली इंग्लंडमधील एका केंद्रात 300 रुग्ण आणि त्यांच्या काळजीवाहकांवर झालेल्या चाचणीत, घरच्यांना रुग्णालयातच उचलणे, हलवणे, भरवणे यांचे प्रशिक्षण दिल्यावर त्यांचा भार आणि उपचारांचा खर्च दोन्ही कमी झाले. 2013 साली ब्रिटनमधील 36 पक्षाघात विभागांत 928 रुग्ण-काळजीवाहक जोड्यांवर तेच प्रशिक्षण तपासले गेले, तेव्हा मात्र फरक दिसला नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेली अटेंड ही चाचणी तर भारतातीलच होती. 14 रुग्णालयांतील 1250 रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना रुग्णालयात आणि नंतर घरी दोन महिन्यांपर्यंत पुनर्वसनाचे शिक्षण देण्यात आले. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच भरले.

चाचणी येथे थांबते आणि गुणात्मक संशोधकाचे काम येथून सुरू होते. शिकवलेले घरी पोहोचल्यावर त्याचे काय झाले? रुग्णालयातून सुटी मिळण्याच्या गडबडीत, अजून धक्क्यातून सावरलेली नसताना, त्या व्यक्तीच्या कानांवर काय पडले आणि मनात काय उतरले? ब्रिटनमधील चाचणीच्या संशोधकांनीही पक्षाघातानंतरचा लगेचचा काळ अशा प्रशिक्षणासाठी योग्य नसावा, अशी शक्यता मांडली होती. 'सुटीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत घरची मुख्य काळजी घेणारी व्यक्ती ही भूमिका कशी स्वीकारते आणि त्यात कोणते टप्पे तिला स्वतःला महत्त्वाचे वाटतात?' हा प्रश्न या धाग्यातून निघालेला आहे. त्यात काळ आहे, व्यक्ती आहे आणि एक घडामोड आहे. असा प्रश्न हाती आला की कोणता सिद्धांत कामाचा आणि कोणता नाही, हे पुष्कळसे आपोआप उलगडते.

दुसरी पायरी : सिद्धांताची निवड

ग्रंथालयात ज्याचे पुस्तक आहे किंवा आधीच्या तुकडीने जो वापरला तो सिद्धांत घेणे, ही निवड नव्हे. प्रत्येक सिद्धांत काही गोष्टींवर प्रकाश टाकतो आणि काही अंधारात ठेवतो, म्हणून आपला प्रश्न ज्या बाजूला आहे तेथे प्रकाश टाकणारा सिद्धांत घ्यावा.

वरच्या प्रश्नासाठी माझी पहिली पसंती अफाफ मेलिस यांच्या संक्रमण सिद्धांताला आहे; संक्रमण म्हणजे येथे एका स्थितीतून किंवा भूमिकेतून दुसरीत जाणे. मेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेल्या त्याच्या स्वरूपात संक्रमणाचे चार प्रकार आहेत: वाढीच्या टप्प्यांशी संबंधित, परिस्थितीजन्य, आरोग्य-आजाराशी संबंधित आणि संघटनात्मक. पक्षाघाताच्या घरात यांतील किमान दोन एकाच वेळी चालू असतात, कारण रुग्णाचे संक्रमण आजाराचे असते आणि त्याच्या पत्नीचे परिस्थितीचे. या सिद्धांतात संक्रमणाचे गुणधर्म सांगितले आहेत: बदलाची जाणीव, त्यातील सहभाग, बदल आणि वेगळेपण, कालावधी आणि निर्णायक क्षण. संक्रमण सुकर किंवा अवघड करणाऱ्या परिस्थितीही दिल्या आहेत, ज्यांत त्या घटनेला व्यक्तीने दिलेला अर्थ, सांस्कृतिक धारणा, आर्थिक स्थिती, पूर्वतयारी आणि ज्ञान या व्यक्तिगत बाबींबरोबर समुदाय आणि समाजही येतात. शेवटी प्रतिसाद येतात: इतरांशी जोडलेपण, आत्मविश्वास, कामावरील प्रभुत्व आणि जुन्या-नव्या ओळखींचा मेळ. आधाराचा पट्टा लावून अंथरुणातून खुर्चीत बसवायला शिकलेली पत्नी 'आता जमतं' म्हणते ते प्रभुत्व. पण 'मी आता त्यांची बायको कमी आणि आया जास्त' असे तिने म्हटले, तर तेथे प्रभुत्व आलेले असूनही ओळखींचा मेळ बसलेला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे हेच या सिद्धांताचे बळ आहे.

प्रश्न एका व्यक्तीपेक्षा सगळ्या कुटुंबाविषयीचा असेल तर मारी-लुईझ फ्रीडेमान यांचा पद्धतशीर संघटनेचा आराखडा पाहावा. त्यांचे पुस्तक 1995 सालचे आहे. त्यात कुटुंब चार ध्येयांकडे जाण्यासाठी धडपडते असे मानले आहे: स्थैर्य, वाढ, नियंत्रण आणि आध्यात्मिकता. ही धडपड चार प्रक्रियांतून दिसते: व्यवस्था टिकवणे, व्यवस्था बदलणे, एकोपा राखणे आणि प्रत्येकाचे व्यक्तिमत्त्व फुलणे. आपल्या विषयाशी या सिद्धांताचे नाते अगदी थेट आहे, कारण अमेरिकेत लिंडा पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो आणि मिशिगन भागांतील पक्षाघाताच्या काळजीवाहकांशी वर्षभर दूरध्वनीवर ठरावीक अंतराने बोलून, त्यांच्या अडचणी आणि त्यांना मिळालेले यश यांचे विश्लेषण याच आराखड्याच्या आधारे केले. ते काम 2007 साली प्रसिद्ध झाले. नवोदितांनी ते मुळातून वाचावे, विशेषतः एका कारणासाठी: त्यांनी अडचणींबरोबर यशही विचारले. आपल्याकडील बहुतेक अभ्यास केवळ भाराविषयी विचारतात, आणि मग भारच सापडतो.

इतर सिद्धांत थोडक्यात पाहू. मर्ल मिशेल यांचा आजारातील अनिश्चिततेचा सिद्धांत 1988 सालचा, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या अनिश्चिततेसाठी त्याची पुनर्मांडणी 1990 सालची. 'हात परत येईल का, बोलतील का, पुन्हा झटका येईल का' हाच प्रश्न केंद्रस्थानी असेल तर हा घ्यावा. डोरोथिया ओरेम यांच्या सिद्धांतातील परावलंबी व्यक्तीची काळजी घेण्याच्या क्षमतेची संकल्पना कौशल्यांच्या अभ्यासाला उपयोगी पडते: रायल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेल्या नळीतून) भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची पिशवी सांभाळणे. कॅलिस्टा रॉय यांच्या अनुकूलन प्रतिमानातील शारीरिक, आत्मप्रतिमा, भूमिका आणि परस्परावलंबन या चार पद्धती नीटनेटक्या आहेत, आणि त्यामुळेच जपून वापराव्यात, कारण चार तयार खाने समोर असले की प्रत्येक वाक्य त्यांपैकी एकात कोंबण्याचा मोह होतो.

एका अभ्यासाला एक सिद्धांत पुरे. दोन सिद्धांत एकत्र करून नवी आकृती काढण्याचे काम पहिल्या प्रबंधात हाती घेऊ नये.

तिसरी पायरी : सिद्धांत आणि पद्धत यांचा मेळ

या पायरीवर मार्गदर्शकही पुष्कळदा गफलत करतात. तत्त्वज्ञ हुसर्लच्या परंपरेतील वर्णनात्मक घटनाशास्त्रीय अभ्यासात, म्हणजे अनुभव जगणाऱ्याला तो जसा जाणवतो तसा समजून घेणाऱ्या अभ्यासात, संशोधकाने आपल्या पूर्वकल्पना बाजूला ठेवायच्या असतात. अशा अभ्यासाच्या आरंभीच मेलिस किंवा रॉय यांचा आराखडा मांडणे हे त्या पद्धतीलाच छेद देणारे आहे. तेथे सिद्धांत आणायचाच असेल तर तो निष्कर्ष निघाल्यानंतर चर्चेत आणावा. ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी 1967 साली मांडलेल्या आधारित सिद्धांत (ग्राउंडेड थिअरी) पद्धतीतही सिद्धांत सामग्रीतून वर यावा अशी अपेक्षा असते. ही पद्धत परिचर्येला परकी नाही, कारण स्ट्राउस सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलमध्येच काम करत होते आणि पद्धतीची पायाभरणी रुग्णालयांत मृत्यूच्या वाटेवर असलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून झाली.

सिद्धांत आरंभापासून सोबत ठेवायचा असेल तर दोन पद्धती सोयीच्या आहेत. मार्गारेट सँडेलोव्स्की यांनी 2000 साली जिची बाजू मांडली ती गुणात्मक वर्णनाची पद्धत, आणि शे व शॅनन यांनी 2005 साली वर्णन केलेले दिशादर्शित आशय विश्लेषण. दुसऱ्या पद्धतीत सिद्धांतातील संकल्पना आधी संकेत (बोलण्यातील तुकड्यांना द्यायची छोटी नावे, म्हणजे कोड) म्हणून घेतल्या जातात आणि जे त्यांत बसत नाही त्याला नवे संकेत दिले जातात. पहिल्या अभ्यासासाठी ही पद्धत मी सुचवेन, कारण प्रत्येक टप्प्यावर काय केले ते दाखवता येते आणि परीक्षकाला तपासता येते.

चौथी पायरी : सिद्धांतातून मुलाखतीचे प्रश्न

सिद्धांताचे शब्द मुलाखतीत येऊ देऊ नयेत. 'तुमच्या भूमिकेच्या संक्रमणाविषयी सांगा' या प्रश्नाला कोणीही उत्तर देणार नाही. 'तुमच्यावर किती भार आहे?' हा प्रश्न सोपा आहे, पण त्यात उत्तर आधीच भरलेले आहे, आणि सासूच्या शुश्रूषेला भार म्हणणे ज्या सुनेला पाप वाटते तिचे तोंड त्याने बंद होते. त्याऐवजी संकल्पना मनात ठेवून साधे, घडलेले सांगायला लावणारे प्रश्न करावेत. निर्णायक क्षणांसाठी: 'झटका आला त्या दिवसापासून घरी आणेपर्यंत काय काय घडले ते तुमच्या शब्दांत सांगा.' पूर्वतयारीसाठी: 'घरी आणल्यावर पहिली रात्र कशी गेली?' सहभागासाठी: 'सकाळी उठल्यापासून काय काय करावे लागते?' प्रभुत्वासाठी: 'हे आपल्याला जमायला लागले असे पहिल्यांदा कधी वाटले?' जोडलेपणासाठी: 'अडले की कोणाला विचारता?' ओळखीसाठी: 'आधीचे तुमचे दिवस आणि आताचे दिवस, यांत तुम्हाला स्वतःत काय बदललेले दिसते?' प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या संकल्पनेसाठी आहे हे एका तक्त्यात लिहून ठेवावे. तो तक्ता प्रबंधाच्या परिशिष्टात जावा. आणि शेवटी एक प्रश्न असा ठेवावा ज्याच्यासमोरचा रकाना रिकामा आहे: 'मी विचारले नाही, पण तुम्हाला सांगावेसे वाटते असे काही आहे का?' सिद्धांताच्या बाहेरचे बहुतेक याच प्रश्नाला येते.

किती जणांशी बोलावे, याला ठरलेला आकडा नाही. प्रश्न नेमका असेल, सिद्धांत स्पष्ट असेल आणि मुलाखती सखोल असतील तर थोड्या लोकांतूनही पुरेशी माहिती मिळते, असे माल्टेरुड आणि सहकाऱ्यांनी 2016 साली 'माहितीचे बळ' या संकल्पनेतून दाखवले आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी दहा-पंधरा जण पुष्कळ होतात, मात्र त्यांत पत्नींबरोबर नवरे, सुनांबरोबर मुलगे, आणि बोलू न शकणाऱ्या रुग्णांचे काळजीवाहकही असावेत.

मुलाखतीची वेळ घराने ठरवावी. रुग्णाला भरवून झाल्यावर तो झोपला की अर्धा-पाऊण तास मिळतो, आणि तेवढ्यात उठून जावे लागले तर ध्वनिमुद्रण थांबवून थांबावे. शेजारच्या खोलीत रुग्ण जागा असेल, किंवा दारात सासू बसलेली असेल, तर ऐकू येणारे उत्तर वेगळे असते. शक्य तेथे अंगणात, गच्चीवर किंवा फिजिओथेरपीच्या विभागाबाहेर बोलावे, आणि शक्य नसेल तेथे कोण उपस्थित होते हे क्षेत्रटिपणीत लिहावे.

आणखी एक अडचण परिचारिकेलाच येते. समोरची व्यक्ती तिला संशोधक म्हणून न पाहता 'सिस्टर' म्हणून पाहते आणि मध्येच विचारते, 'पाठीला लाल झालंय, काय लावू?' माझे मत स्पष्ट आहे: पाठीची जखम, गिळताना लागणारा ठसका, ताप अशा गोष्टींत ध्वनिमुद्रण थांबवून लगेच सांगावे आणि दवाखान्याचा रस्ता दाखवावा, बाकीचे प्रश्न लिहून घेऊन मुलाखत संपल्यावर शांतपणे बोलावे. संशोधनाच्या शुद्धतेसाठी माणसाला ताटकळत ठेवणे परिचर्येच्या नीतीत बसत नाही. काय सांगितले ते मात्र टिपणीत नोंदवावे, कारण त्याने पुढचे उत्तर बदललेले असू शकते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीती समितीची मंजुरी आणि संमतीपत्र लागतेच. संमतीपत्र त्या व्यक्तीला समजेल अशा मराठीत असावे आणि वाचून दाखवावे. येथे सहभागी व्यक्ती काळजीवाहक आहे, तरी बोलणे रुग्णाच्या शरीराविषयी असते, म्हणून रुग्णाला कळत असेल तर त्याचीही परवानगी विचारावी. बोलता बोलता कोणी 'जीव नकोसा झालाय' म्हटले तर काय करायचे आणि कोणाकडे पाठवायचे, हे पहिल्या मुलाखतीच्या आधी कागदावर ठरलेले असले पाहिजे.

पाचवी पायरी : विश्लेषण

मुद्रित बोलणे मराठीतच उतरवून घ्यावे आणि संकेतही मराठीतच द्यावेत. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी ज्या वळणात माणूस बोलला ते वळण तसेच ठेवावे. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असला तरी भाषांतर फक्त उद्धृत करायच्या वाक्यांचे आणि तेही विश्लेषण झाल्यावर करावे. आधी भाषांतर केले की विश्लेषण भाषांतरकाराच्या शब्दांचे होते.

पुढील वाक्य समजण्यापुरते रचलेले आहे: 'आधी वाटलं, चार दिवसांत उठतील. आता पाळीच लावून घेतलीय. रात्री दोनला उठायचं, कूस बदलायची, परत पडायचं. दीर म्हणतात बाई ठेवू, पण पैसे देणार कोण, नि ह्यांना माझ्याशिवाय कोणी हात लावलेला चालत नाही.' पहिल्या वाचनात सिद्धांत बाजूला ठेवून साधे संकेत द्यावेत: अपेक्षा मोडणे, रात्रीची पाळी, पैशाचा प्रश्न, रुग्णाचा हट्ट, दिराचा सल्ला. दुसऱ्या वाचनात सिद्धांत आणावा. मेलिस यांच्या नजरेने 'चार दिवसांत उठतील' यात बदलाची जाणीव अजून झालेली नाही आणि 'पाळीच लावून घेतलीय' यात ती झाली आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये केव्हातरी निर्णायक क्षण होऊन गेला आहे आणि पुढच्या मुलाखतीत तो विचारायला हवा. पैसे ही आर्थिक परिस्थिती आहे. फ्रीडेमान यांच्या नजरेने हीच पाळी म्हणजे घराची व्यवस्था बदलून स्थैर्य आणि नियंत्रण मिळवण्याची धडपड आहे, आणि दिराचे वाक्य एकोप्याविषयी प्रश्न उभा करते. तेच बोलणे दोन सिद्धांतांत दोन वेगळ्या दिशांना जाते. म्हणूनच निवड आधी आणि कारणासह करायची असते.

आता 'माझ्याशिवाय कोणी हात लावलेला चालत नाही' या वाक्याकडे पाहावे. ते संक्रमण सिद्धांतात कोठे बसते? ओढून-ताणून त्याला 'सांस्कृतिक धारणा' म्हणता येईल, पण त्यात तक्रार आहे, अभिमान आहे आणि दोघांमधली जवळीकही आहे. असे वाक्य खान्यात कोंबू नये. त्यासाठी 'सिद्धांताबाहेर' नावाची वेगळी नोंद ठेवावी आणि दर तीन-चार मुलाखतींनंतर ती संपूर्ण वाचावी. तेथे एकाच जातीची वाक्ये साठू लागली की तो नवा संकेत होतो. दिशादर्शित विश्लेषणातला मोठा धोका हाच की सिद्धांताला दुजोरा देणारेच पुरावे दिसत राहतात. त्यावर ही नोंद आणि विरोधी उदाहरणे मुद्दाम शोधण्याची सवय हे दोन उपाय आहेत.

आपल्या घरांत एक विसंगती हमखास समोर येते. हे सिद्धांत वापरणारे बहुतेक अभ्यास एक मुख्य काळजीवाहक गृहीत धरतात. एकत्र कुटुंबात अंग पुसते सून, पैसे देतो मुंबई-पुण्याला किंवा आखातात नोकरी करणारा मुलगा, डॉक्टर कोणता हे ठरवतात मोठे काका, आणि दुपारी जवळ बसते शाळेतून आलेली नात. 'मुख्य काळजीवाहक कोण?' असे विचारले तर बऱ्याचदा घरातला पुरुष स्वतःचे नाव सांगतो. संक्रमण येथे एका व्यक्तीचे नसून वाटून घेतलेले असते, आणि ते सारख्या प्रमाणात वाटलेले नसते. हे आढळले तर तो अभ्यासाचा दोष मानू नये. सिद्धांताला आपण काही परत देऊ शकतो ती हीच जागा आहे.

सहावी पायरी : विश्वासार्हता आणि लेखन

लिंकन आणि गुबा यांनी 1985 साली दिलेले चार निकष, म्हणजे विश्वसनीयता, हस्तांतरणीयता, सातत्य आणि पुष्टीयोग्यता, प्रबंधात नुसते नमूद करून भागत नाही. प्रत्येकासाठी काय केले ते लिहावे. कोणता संकेत केव्हा बदलला आणि का, याची तारखेसह वही ठेवावी. दोन-तीन मुलाखती दुसऱ्या व्यक्तीला, शक्य तर तो सिद्धांत न वाचलेल्या व्यक्तीला, स्वतंत्रपणे संकेतबद्ध करायला द्याव्यात. निष्कर्ष काही काळजीवाहकांना साध्या भाषेत वाचून दाखवावेत. शेवटी गुणात्मक अहवालात काय असावे हे सांगणाऱ्या 2007 सालच्या कोरेक या 32 मुद्द्यांच्या यादीवरून अहवाल तपासून घ्यावा. लहान गावातील 'निवृत्त मुख्याध्यापकाची पत्नी' एवढ्या वर्णनावरून घर ओळखू येते, म्हणून वय, व्यवसाय आणि गाव यांतील किमान एक गोष्ट झाकावी.

चर्चेच्या प्रकरणात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: सिद्धांतातील कोणत्या संकल्पनांना मुलाखतींनी आधार दिला, कोणत्या संकल्पना मुलाखतींत आल्याच नाहीत, आणि कोणते अनुभव सिद्धांतात मावले नाहीत. नवोदित पहिला भाग सविस्तर लिहितात आणि उरलेले दोन गाळतात, कारण त्यांना ते अपयश वाटते. परीक्षक आणि पुढचा संशोधक मात्र तेच आधी शोधतो.

शिफारशी लिहिताना प्रत्येक शिफारशीपुढे ती कोणत्या निष्कर्षावरून आली हे लिहावे. 'काळजीवाहकांना शिक्षण द्यावे' हे वाक्य कोणत्याही मुलाखतीशिवाय लिहिता येते. पण घरच्यांची जाणीव सुटीनंतर बऱ्याच दिवसांनी बदलते असे मुलाखतींतून दिसले असेल, तर वॉर्डातील परिचारिकेने सुटीच्या दिवशी सगळे सांगून टाकण्याऐवजी त्या दिवशी फक्त भरवणे, कूस बदलणे आणि धोक्याच्या खुणा शिकवाव्यात आणि उरलेले पहिल्या फेरतपासणीच्या भेटीसाठी ठेवावे, असे लिहिता येते. आणि ती भेट ठरवताना सुनेला यायला जमेल असा वार विचारून घ्यावा, हेही त्याच मुलाखतींच्या आधारे लिहिता येते.